लोण्याचा मासा

मी आयुष्यात एकच मासा केला आहे, आणि तोही लोण्याचा. खाल्लेला तर एकही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुण्याला परतल्यापासून आमच्या सोसायटीत मी सिंगापूरला जाऊन बाटले अशी कुजबुज आहे. ती पसरवली आमच्या ह्यांनी. त्या माशाचा गुण सगळ्यात आधी कुणाला आला असेल तर तो ह्यांनाच, आणि ती गोष्ट झाकायला त्यांना दुसरं काहीतरी सांगणं भाग होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लेक सिंगापूरला एका बँकेत हिशेब बघते. ती कोथरूडला येणं शक्य नव्हतं, तेव्हा माहेरच उचलून मरीन परेडच्या तिच्या फ्लॅटवर न्यायचं मी ठरवलं. डिंक, आळीव, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि धुरीची शेगडी एवढं सगळं बॅगांत कोंबलं. ह्यांचे कपडे उरलेल्या फटींत बसवले. विमानतळावर शेगडीची चौकशी झाली. "धिस इज फॉर बेबी," मी म्हटलं. त्या अधिकाऱ्यानं शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं काही विचारण्यापेक्षा जाऊ देणं त्याला सोपं वाटलं.

मला या प्रवासातून काय हवं होतं तेही सांगते. लेक कॉलेजात गेल्यापासून तिला माझी गरज लागली असं मला आठवत नाही. नोकरी तिनं शोधली, नवरा तिनं शोधला, देशही तिनंच शोधला. मला फोनवर बातम्या मिळत. पण बाळंतपण म्हटल्यावर आईवाचून कसं चालेल? या एका कामात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकणार, या खात्रीनं मी विमानात बसले होते.

फ्लॅटचं दार उघडलं तर समोर विहीणबाई.

त्या तिबेटी आहेत. म्हैसूरकडच्या तिबेटी वसाहतीत त्यांचा सगळा जन्म गेला. थंडीत स्वेटर विकायला पुण्याला यायच्या, त्यामुळे आमची सोयरीक व्हायच्या आधी मी त्यांच्याशी घासाघीस केलेली असण्याचा दाट संभव आहे. त्यांचे वडील नव्वदीच्या घरातले तिबेटी वैद्य, आणि अर्ध्या वसाहतीतल्या बायकांची बाळंतपणं त्यांच्या औषधांवर पार पडलेली. विहीणबाई आदल्याच दिवशी आल्या होत्या. त्यांचीही बॅग माझ्याएवढीच फुगलेली होती.

"अगं, सांगितलं का नाहीस?" मी लेकीला बेडरूममध्ये ओढून विचारलं.

"सांगितलं असतं तर तू तिसरी बॅग आणली असतीस," ती म्हणाली. तिचं पोट आता एवढं मोठं झालं होतं की तिच्यावर रागावताना मला अंतर ठेवून उभं राहावं लागलं.

आम्हा दोघी विहिणींना एक खोली मिळाली आणि हे सोफ्यावर गेले. आमची बोली हिंदी. माझी पुण्याची हिंदी, त्यांची स्वेटरच्या दुकानातली. त्या मला दीदी म्हणत. मी त्यांना विहीणबाईच म्हणे, आणि ते आपलं नाव नाही हे माहीत असूनही त्या हाकेला ओ देत.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराची वाटणी झाली. डावीकडची शेगडी माझी, उजवीकडची त्यांची. माझ्याकडे डिंकाचे लाडू, त्यांच्याकडे हाडांचं सूप. ते सूप उकळायला लागलं की मी माझी खिडकी उघडायची, आणि मी मेथी भाजायला घेतली की त्या त्यांची. बाळंतिणीला काय द्यायचं याचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं.

"दीदी, बच्चा निकलता है तो अंदर जगह खाली होता है. खाली जगह में हवा घुसता है. फिर नींद नहीं, रोना आता है, कमर दुखता है. इसलिए गरम सूप, मक्खन, और फोन बंद."

"अहो, हा तर वात!" मी म्हटलं. "ये हमारा है. आपके यहां हमारे यहां से गया."

"हां, इंडिया से ही आया," त्या शांतपणे म्हणाल्या. भांडायला आलेल्या माणसाशी असं पटकन सहमत होणं मला अजिबात आवडत नाही.

त्यांच्या बॅगेत कापडी पुडीत तपकिरी गोळ्या होत्या. बाळंत झाल्यावर, सकाळी, कोमट पाण्यात चुरून घ्यायच्या. आधी नाही म्हणजे नाही, गरोदरपणी फक्त अन्न, असं त्या ठामपणे म्हणत. त्या अंघोळीला गेल्या असताना मी एक गोळी चावून पाहिली. काडेचिराईत लाजेल इतकी कडू. पण कडूपणा ओसरल्यावर जिभेवर ओळखीचं काहीतरी आलं. हिरडा! त्यामागे जायफळ. बाळगुटीची सहाण माझ्याच हातची, मला काय फसवता? त्या बाहेर आल्या तेव्हा मी तोंडावर हात धरून गुळाचा डबा शोधत होते. त्यांनी काही न विचारता डबा पुढे केला आणि पदराआड हसतात तशा टॉवेलाआड हसल्या.

मग आम्ही दोघींनी मिळून लेकीला सांगितलं की तिच्या दोन्ही घराण्यांचं हिरड्यावर एकमत आहे. लेकीनं आम्हा दोघींकडे पाहिलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या तोंडात काही जाणार नाही. आणि बाळाच्या तोंडात तर दुधाशिवाय काहीच नाही. गुटी नाही, गोळी नाही. धुरी तर विसराच, वर स्मोक अलार्म आहे." शेगडी त्या दिवसापासून बाल्कनीत कुंडीखाली गेली.

बाजाराला आम्ही बेडोकला जायचो, बसनं, दोघीच. त्यांना हाडं लागत, मला पालेभाजी. भाजीवाल्या चिनी मावशींना आमचं कारण कळल्यावर त्यांनी कच्ची पपई माझ्या हातात दिली. "कन्फाइनमेंट आह? पपाया फिश सूप. मस्ट ड्रिंक, लाह! मिल्क कम प्लेंटी." म्हणजे बाळंतिणीला दूध यावं म्हणून पपई घालून माशाचं सूप. मी पपई घेतली आणि माशाच्या गाळ्यावरून नाक दाबून पळाले. या बेटावर बाळंतपणाला माशाशिवाय कुणी हातच घालत नाही की काय, असं मी म्हटलं, तेव्हा विहीणबाई थोड्या चपापल्या.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिजमधून एक छोटा डबा काढला. आत लोण्याचा मासा होता. बोटभर लांब, जरा वाकडा, डोळ्यांच्या जागी दोन काळे दाणे. त्यांच्या वडिलांनी केलेला. त्यांच्या घरात प्रत्येक बाळंतपणाला ते असा मासा करतात, त्यावर मंत्र म्हणतात, फुंकर घालतात. कळा सुरू झाल्या की बाईनं तो दात न लावता गिळायचा, डोक्याकडून. मासा पाण्यातून जसा सुळकन जातो, तसं मूल यावं म्हणून. बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून त्यांनी तो म्हैसूरकडून इथवर सांभाळून आणला होता. लोणी शाकाहारी, मासा मांसाहारी. या वस्तूला नक्की कुठे ठेवावं हे मला सुचेना. शेवटी तो फ्रिजमध्ये माझ्या लोण्याच्या डब्याशेजारीच राहिला. माझं लोणी म्हणजे दुकानातली क्रीम विरजून घरी घुसळलेलं. लाडवांना विकतचं तूप मला चालत नाही.

डबा आत ठेवताना त्या सहज बोलून गेल्या, "इस बार मछली पहले से लाई. पिछली बार तो टाइम ही नहीं मिला. चौथे महीने में ही सब…"

"पिछली बार?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि मला काय माहीत नव्हतं तेही. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी लेकीला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. विहीणबाई तेव्हा इथंच होत्या. त्यांनी तिला सूप पाजलं, पाय चेपले, झोपवलं. मला ते दिवस आठवले. लेकीनं फोनवर सांगितलं होतं की ताप आलाय, आवाज बसलाय. आणि मी पुण्यातून तिला हळद घालून दूध घ्यायला सांगितलं होतं.

मला राग आला. आधी विहिणीचा, कारण ती समोर होती. मग लेकीचा. पुढचे दोन दिवस मी भांडी आपटली. लाडवांत मेथी दुप्पट घातली. इतर वेळी बाई रुसून माहेरी जाते. मी जाणार कुठे, इथलं माहेर मीच होते.

शेवटी लेकच माझ्याजवळ येऊन बसली. विहीणबाईंनी तिला सांगितलं असणार.

"आई, तू रडली असतीस," ती म्हणाली. "मग काय खाल्लंस, कुठे घसरलीस, सगळं विचारलं असतंस. मावशीला फोन केला असतास आणि पुन्हा रडली असतीस. मला तुला सांभाळावं लागलं असतं. मला तेव्हा माझंच झेपत नव्हतं गं."

मी अगदी हेच केलं असतं. तेच जास्त लागलं. माझी मुलगी दुःखात असताना मी तिला एक जास्तीचं काम वाटले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या वेळी काहीही झालं तरी तिच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. तिला टेकायला जागा हवी तर ती कोरडी हवी.

ठरवणं सोपं. कळा सुरू झाल्या त्या सकाळी मी थालीपीठं लावत होते. लेक हॉलमध्ये मोठ्या चेंडूवर बसून डोलत होती, नवरा शेजारी मोबाइलवर कळांमधलं अंतर बघत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की इतक्यात येऊ नका, घरीच फिरा. विहीणबाई कोमट पाणी घेऊन आल्या आणि फ्रिज उघडला.

डबा होता. मासा नव्हता.

"हा डबा कुणी उघडला?" मी विचारलं. माझे हात थालिपिठाच्या पिठात.

डायनिंग टेबलावरून आमचे हे म्हणाले, "मी. तूच म्हणालीस ना, लोणी फ्रिजमधून घ्या म्हणून? छान होतं. फक्त त्यात मोहरी का घातलीस?"

थालिपिठावर लोण्याचा गोळा घेतल्याशिवाय हा माणूस घास उचलत नाही. चष्मा सोफ्यावर. माझा डबा सोडून शेजारचा उघडला, आणि एका वयोवृद्ध वैद्यानं मंत्र घालून फुंकर मारलेला मासा, शेपटीसकट, डोळ्यांसकट, गरम थालिपिठावर विरघळवून खाल्ला. वर बोटं चाटली.

विहीणबाई मटकन खाली बसल्या. त्यांचा रंग एरवी गुलाबी, तो पांढरा पडला. जावई आईकडे बघत राहिला. आणि माझी लेक, जी सासूला आमा म्हणते आणि इतके दिवस "आमांच्या समाधानासाठी गिळेन हं" असं हसत म्हणत होती, ती डोलायची थांबली.

"गेला?" तिनं विचारलं. एवढंच. पण तो आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. तिला या वेळी सगळं नीट हवं होतं. मासासुद्धा. हिशेब तपासणाऱ्या त्या शहाण्या मुलीच्या डोळ्यांत भीती होती आणि ती लपवायचं तिला सुचत नव्हतं.

मला हुंदका आला. तो मी थालिपिठाच्या पिठात दाबला.

"विहीणबाई, उठा," मी म्हटलं. "बाबांना फोन लगाओ. व्हिडिओवाला."

फोन लागला. पडद्यावर आधी नुसतं कपाळ, मग छत, मग सुरकुत्यांनी भरलेला एक चेहरा. विहीणबाई रडत रडत तिबेटीत सगळं सांगायला लागल्या. म्हातारबाबांनी ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"काय म्हणतायत?" ह्यांनी चाचरत विचारलं.

जावयानं लेकीकडून शिकलेल्या मराठीत सांगितलं, कारण असली गोष्ट सासऱ्याला आईच्या हिंदीतून कळू नये एवढी समज त्याला होती. "बाबा, ते विचारतात, तुमचा पोट साफ आहे ना?"

इथे एक सांगायला हवं. सिंगापूरला उतरल्यापासून ह्यांचं पोट जागचं हललं नव्हतं, आणि घरात त्या विषयाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. ह्यांनी तोंड उघडलं, पोटावर हात ठेवला, आणि उत्तर न देता बाथरूमकडे निघाले. निघाले म्हणण्यापेक्षा धावले. दाराची कडी लागल्याचा आवाज आला तशी लेक कळ येत असतानाच खदखदून हसायला लागली. "आई गं, हसवू नका… बाबा… आई गं!"

"आजोबा म्हणतात," जावई पुढे म्हणाला, "मंत्राला पेशंट कोण ते माहीत नसतं. दुसरा मासा करा, ते फोनवर म्हणतील."

विहीणबाईंनी माझा लोण्याचा डबा काढला. पण आयुष्यभर सुया धरून त्यांची बोटं वाकलेली. त्यांनी केलेला पहिला मासा बटाट्यासारखा झाला, दुसरा त्याहून मोठा बटाटा. वर सिंगापूरचा उकाडा. लोणी हातातच वितळायला लागलं. मी जावयाला एसी होईल तितका गार करायला सांगितला, हात बर्फाच्या पाण्यात बुडवले आणि डबा ओढून घेतला. गणपतीत मी ऑर्डरीचे उकडीचे मोदक करते. कळ्या पाडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण मासा? मी कधी नीट बघितलाच नव्हता, बाजारात तर नाक धरून पळते.

"शेपटी कशी असते?" मी ओरडले. जावयानं फोनवर फोटो धरला. मी शेपटीला मोदकासारख्या कळ्या पाडल्या. कल्ल्याच्या जागी करंजीची मुरड घातली. डोळ्यांना मोहरी, आमचे हे म्हणाले होते तशी. "खवले काढू का चमच्यानं?"

"दीदी, जल्दी!" विहीणबाई म्हणाल्या. त्या आता हसत होत्या.

ताटलीतला मासा मी मोबाइलसमोर धरला. म्हातारबाबा डोळे मिटून पुटपुटायला लागले, त्यांच्यामागून विहीणबाई. सगळं घर गारठलं होतं. मी मधेच रामरक्षेतल्या दोन ओळी मनात म्हणून घेतल्या; लोणी माझं होतं, तेवढा हक्क होता. मग म्हातारबाबांनी गाल फुगवून पडद्यावर फुंकर मारली. फुंकर म्हैसूरकडून निघाली आणि आम्ही ताटली पुढे सरकवली.

तेवढ्यात लेकीला मोठी कळ आली. ती ओसरल्यावर विहीणबाईंनी मासा चमच्यात घेतला. मला वाटलं, आता त्या भरवणार, आणि भरवू देत, मागच्या वेळी तिला जपलं ते यांनीच. पण त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "माँ का हाथ," त्या म्हणाल्या.

"डोक्याकडून हं," मी लेकीला सांगितलं. "दात लावू नकोस."

तिनं डोळे मिटून गिळला. "बाबांचं थालीपीठ कुठंय?" वरून विचारलं. म्हणजे माझीच मुलगी.

इस्पितळात आत एकाच माणसाला परवानगी होती, तो अर्थातच नवरा. आम्ही खाली कॅन्टीनमध्ये बसलो, विहीणबाई आणि मी. हे दर थोड्या वेळानं उठून जात होते आणि परत आल्यावर आमच्याकडे बघत नव्हते. बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मुलगी. सुटका सुळकन झाली का? हे लेकीला विचारायची माझी हिंमत नाही, कारण ती काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. पण दोघी धडधाकट होत्या.

जावई बाहेर आला, आईच्या गळ्यात पडला, मग माझ्या. "आई, तुम्ही जावा आत. तिनी बोलवला," तो म्हणाला. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मला खांद्याला धरून दाराकडे वळवलं.

लेक उशीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, छातीशी एवढंसं गाठोडं. मी नातीकडे पाहिलं. डोळ्यांत आलेलं पाणी पापण्यांतच अडवलं आणि म्हटलं, "छान आहे हो. दूध येतंय ना? सूप पाठवते. दोन्हीकडचं." आवाज माझाच वाटत नव्हता. पण ठरवल्याप्रमाणे कोरडा होता.

लेकीनं मला निरखून पाहिलं. मग तिनं सरकून पलंगावर जागा केली आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

"आई, रड," ती म्हणाली. "मागच्या वेळचंही तुझं राहिलंय. आज मला झेपेल."

मग मी असं भोकाड पसरलं की नर्स धावत आली, आणि बाळाकडे न बघता आधी माझ्याकडेच वळली.